रेडियम: कळलं कुणाला आणि सांगितलं कुणाला

तुम्ही लिहिलंय की दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीबरोबर इटलीला गेलेल्या आजोबांचं मनगटी घड्याळ घरात आहे. त्याचे आकडे पूर्वी अंधारात चमकायचे, आता चमकत नाहीत. ते ठेवावं की टाकावं? दुसरा प्रश्न असा की, अशीच घड्याळं रंगवणाऱ्या अमेरिकेतल्या मुली हाल होऊन मेल्या, तेव्हा जगात एवढे शास्त्रज्ञ असूनही हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? आणि मेरी क्युरी रेडियमनेच गेल्या का? मी आयुष्यभर कर्करोग रुग्णालयांत मेडिकल फिजिसिस्ट आणि रेडिएशन सेफ्टी ऑफिसर म्हणून काम केलंय. त्यामुळे घड्याळाचं आधी उरकतो, बाकीचं सविस्तर सांगतो.

घड्याळ ठेवा, पण उघडू नका. चमक गेली म्हणजे रेडियम संपलं, हा गैरसमज फार पसरलेला आहे. चमकत होता तो रंगातला झिंक सल्फाइड. रेडियममधून निघणारे अल्फा कण त्यावर आदळायचे आणि तो उजळायचा. त्या माऱ्याने झिंक सल्फाइडच निकामी झाला. रेडियमचं अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मं व्हायला लागणारा काळ, सुमारे १६०० वर्षं आहे, म्हणजे ८० वर्षांत त्यातले शंभरातले जेमतेम साडेतीन भाग कमी झाले असतील. काच शाबूत असेल तर अल्फा कण बाहेर येत नाहीत. थोडे गॅमा किरण येतात, पण कपाटातल्या एका घड्याळाने कुणाचं काही बिघडत नाही. खरी काळजी घ्यायची ती रंगाच्या भुकटीची. म्हणून नाक्यावरच्या घड्याळजीकडे डायल 'साफ करायला' देऊ नका, काच फुटली असेल तर फुंकर मारू नका, खरवडू नका. प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत ठेवा, हात धुवा आणि मुंबईत अणुशक्तीनगरला असलेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाला, म्हणजे एईआरबीला, लिहून पुढचा सल्ला घ्या. भंगारवाल्याला तर मुळीच देऊ नका. चोर बाजारातून जुनी लष्करी घड्याळं, विमानातली यंत्रं जमवणाऱ्यांनी ती एका लहान बंद कपाटात कोंबू नयेत. रेडियममधून रेडॉन वायू निघतो, तो तिथे साठतो. आणि जाता जाता, कारण हाही प्रश्न नेहमी येतो: गाडीच्या मागे लावतात त्या 'रेडियम'च्या पट्टीत रेडियमचा कणही नसतो. ती फक्त हेडलाइटचा उजेड परत पाठवते.

आता मोठा प्रश्न. कुणाच्याच लक्षात आलं नाही, हे मला मान्य नाही. बऱ्याच गोष्टी बऱ्याच जणांच्या बऱ्याच लवकर लक्षात आल्या होत्या. ते कळणं प्रयोगशाळेच्या उंबऱ्यापाशी थांबलं.

१८९६ मध्ये आंरी बेकरेल यांना युरेनियममधून आपोआप किरण निघतात हे दिसलं. पॅरिसमध्ये मेरी क्युरींनी पीएच.डी.साठी तोच विषय घेतला. त्यांचं वेगळेपण मोजमापात होतं. त्यांचे पती पिएर आणि दीर झाक यांनी बनवलेलं अतिशय नाजूक विद्युत उपकरण त्यांच्या हाताशी होतं, त्यावर त्या एकेक खनिज तपासत गेल्या. बोहेमियातल्या योआखिम्स्थालच्या खाणीतलं पिचब्लेंड, म्हणजे युरेनियमचं खनिज, त्यातल्या युरेनियमच्या हिशेबापेक्षा कितीतरी जास्त किरण सोडत होतं. म्हणजे आत आणखी कुणीतरी होतं. जुलै १८९८ मध्ये पोलोनियम आणि २६ डिसेंबर १८९८ रोजी रेडियम जाहीर झालं. पण रसायनशास्त्रज्ञांना ते प्रत्यक्ष हवं होतं, वजन करता येईल असं. एक टन युरेनियममागे रेडियम असतं जेमतेम एक तृतीयांश ग्रॅम. ऱ्यू लोमों या रस्त्यावरच्या गळक्या शेडमध्ये काही टन गाळ उकळून, ढवळून, पुन्हा पुन्हा स्फटिक करून १९०२ मध्ये मेरींच्या हाती आला ०.१ ग्रॅम रेडियम क्लोराइड. त्यावरून त्यांनी अणुभार काढला २२५. आज आपण २२६ म्हणतो. मोठमोठी यंत्रं वापरणाऱ्या आमच्यासारख्यांना हा आकडा अजून चकित करतो.

पेटंट त्यांनी घेतलं नाही. कृती सगळ्या जगाला मोकळी दिली. या निर्णयाचं कौतुक आपण शाळेत ऐकतो, आणि ते योग्यच आहे. त्याची दुसरी बाजू अशी की, रेडियम पुढे कोण, कशासाठी आणि कुणाच्या हातून वापरणार, यावर क्युरींचा काही ताबा राहिला नाही.

इजा होते हे कधी कळलं? जवळजवळ लगेच. १९०१ मध्ये बेकरेल यांनी रेडियमची नळी वेस्टकोटच्या खिशात ठेवली आणि खाली कातडी भाजली. पिएर क्युरींनी मुद्दाम आपल्या दंडावर काही तास रेडियम बांधून जखम करून घेतली, ती दिवसेंदिवस कशी बदलते याच्या नोंदी ठेवल्या आणि छापल्या. त्यातूनच औषधाची कल्पना निघाली. जे निरोगी कातडी मारतं ते रोगट पेशीही मारेल. पॅरिसच्या सें लुई रुग्णालयातल्या डॉ. दांलो यांनी पिएर यांच्याकडून रेडियम घेऊन त्वचेच्या क्षयावर वापरलं. म्हणजे शोध लागल्यापासून तीन वर्षांच्या आत 'हे भाजतं' आणि 'हे बरं करतं' या दोन्ही गोष्टी छापून आल्या होत्या.

जे कळलं नव्हतं ते आमच्या विषयाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं आहे, म्हणून इथे जरा थांबतो. रेडियमचे अल्फा कण फार दुबळे वाटतात. कागदाने अडतात, कातडीच्या वरच्या मेलेल्या थरातही अडकतात. म्हणून बाहेरून पाहणाऱ्याला भीती वाटते ती गॅमा किरणांची, आणि थोडंसं रेडियम असेल तर त्यांचीही फारशी नाही. पण तेच रेडियम पोटात गेलं की हिशेब उलटतो. कॅल्शियम आणि रेडियम आवर्तसारणीत एकाच उभ्या रांगेतले. शरीर रेडियमला कॅल्शियमच समजतं. गिळलेल्यातलं पुष्कळसं बाहेर पडतं, पण रक्तात गेलेल्यातला काही भाग हाडात जाऊन बसतो आणि माणूस असेपर्यंत बसून राहतो. तिथे अल्फा कणाला ओलांडायला मेलेली कातडी नाही. आपली सगळी ताकद तो मिलिमीटरच्या वीसाव्या हिश्श्याइतक्या अंतरात, काही मोजक्या पेशींवर, रिकामी करतो. दिवसरात्र, वर्षानुवर्षं. त्यातून जबड्याचं हाड कुजतं, मज्जा थकून रक्त तयार होईनासं होतं, आणि पुढे हाडाचा कर्करोग होतो. कवटीच्या पोकळ्यांत रेडॉन साठून तिथेही कर्करोग होतो, तो तर वीस-तीस वर्षांनी.

म्हणजे बाहेरची जखम पंधरा दिवसांत दिसते, आतली दिसायला वर्षं लागतात. या मधल्या वर्षांत बाजाराने आपलं काम उरकलं.

त्या काळातल्या लोकांना हसू नका. तेव्हा रेडियम जगातली सगळ्यात महाग वस्तू होती, ग्रॅमला लाख डॉलरच्या घरात. ते आपोआप गरम राहायचं. १९०३ मध्ये पिएर क्युरी आणि लाबोर्द यांनी मोजलं की, रेडियम तासाभरात स्वतःच्या वजनाइतका बर्फ वितळवेल इतकी उष्णता देतं, आणि देतच राहतं. ज्या वस्तूत न संपणारी ऊर्जा आहे ती थकलेल्या माणसाला ताकद देईल, हा तर्क चुकीचा होता, पण वेडगळ नव्हता. शिवाय गरम झऱ्यांच्या पाण्यात रेडॉन सापडला होता, आणि अशा झऱ्यांना लोक पिढ्यान् पिढ्या गुण येतो म्हणून जातच होते. योआखिम्स्थालला तर खाणीच्या पाण्यावर स्नानगृहंच उघडली. मग पाण्यात रेडॉन मिसळणारी मडकी आली, साबण आले, फ्रान्समध्ये 'थो-रादिया' नावाची चेहऱ्याची क्रीम आली. तिच्या डब्यावर डॉ. आल्फ्रेड क्युरी असं नाव होतं, ज्यांचा क्युरी कुटुंबाशी संबंध नव्हता. पुष्कळ वस्तूंमध्ये नावापुरतंही रेडियम नसायचं. फसवणारे व्यापारी त्या मानाने बरे म्हणायचे, कारण त्यांच्या गिऱ्हाइकांची फक्त पैशावर निभावली. प्रामाणिक व्यापारी जास्त घातक ठरले.

आता त्या मुली. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ऑरेंज या गावी युनायटेड स्टेट्स रेडियम कॉर्पोरेशनचा कारखाना होता. तिथे 'अनडार्क' नावाचा रंग बनायचा आणि घड्याळांच्या, विमानांच्या डायल रंगवल्या जायच्या. पहिल्या महायुद्धात खंदकातल्या सैनिकांना अंधारात दिसणारी घड्याळं हवी होती, म्हणून धंदा वाढला. काम करणाऱ्या बहुतेक पंधरा-वीस वर्षांच्या मुली, स्थलांतरित कामगारांच्या घरातल्या. पगार डायलमागे, आणि हात चालला तर तो इतर कारखान्यांपेक्षा चांगला. कुंचला बारीक केसांचा, आकडे त्याहून बारीक. टोक फिसकटलं की ओठांत धरून टोकदार करायचं, रंगात बुडवायचं, आकडा काढायचा. पुन्हा ओठ. हे त्यांना शिकवलेलं होतं. पाण्यात किंवा फडक्याने टोक करण्यात रंग वाया जायचा आणि रंगात रेडियम होतं. रंग पिण्यासारखा निरुपद्रवी आहे असं सांगितल्यामुळे मुली गमतीने नखं रंगवायच्या, दातांवर लावायच्या, नाचाच्या कार्यक्रमाला जाताना केसांना लावायच्या.

त्याच इमारतीत कंपनीचे रसायनतज्ज्ञ रेडियम चिमट्याने उचलत होते आणि शिशाच्या आडोशामागे काम करत होते. हीच कंपनी डॉक्टरांना पाठवायच्या पत्रकांत रेडियमच्या दुष्परिणामांविषयी लिहीत होती. माझं सगळं म्हणणं या एका वस्तुस्थितीवर उभं आहे. माहिती इमारतीत होती, फक्त दुसऱ्या खोलीत.

१९२२ मध्ये या मुलींपैकी मॉली मॅगिया गेली. आधी एक दात दुखला, तो काढला, जखम भरेना, मग दुसरा, मग जबड्याचं हाडच डेंटिस्टच्या हातात तुटून आलं. मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिलं उपदंश, म्हणजे सिफिलिस. एका अविवाहित तरुण मुलीच्या दाखल्यावर हा शब्द चढवला की घरचे गप्प बसतात आणि कारखान्याकडे कुणी बोट दाखवत नाही. १९२४ मध्ये न्यूयॉर्कचे दंतशल्यचिकित्सक थिओडोर ब्लम यांनी अशा जबड्याची नोंद छापली. त्याच वर्षी कंपनीने हार्वर्डच्या सेसिल ड्रिंकर यांना पाहणीसाठी बोलावलं. त्यांना काय दिसलं? मुलींना अंधाऱ्या खोलीत नेलं तर त्यांचे केस, चेहरे, हात चमकत होते, कपड्यांच्या आतली कातडीसुद्धा. ड्रिंकर यांनी रेडियमवर बोट ठेवणारा अहवाल दिला. कंपनीने तो दाबला आणि सरकारी कामगार खात्याला कळवलं की सर्व मुलींची प्रकृती उत्तम आहे. ड्रिंकर यांना हे कळल्यावर त्यांनी १९२५ मध्ये तो स्वतः छापला.

शेवटी पुरावा उभा केला तो एका सरकारी शवचिकित्सकाने. एसेक्स कौंटीचे हॅरिसन मार्टलँड. त्यांनी मेलेल्यांच्या हाडांत आणि जिवंत मुलींच्या श्वासात किरणोत्सार मोजला. जिवंत माणूस रेडॉन उच्छ्वासातून सोडतो, त्यामुळे शरीरात किती रेडियम आहे हे रक्त न काढता कळू शकतं. ही पद्धत पुढे कित्येक दशकं वापरली गेली. १९२७ मध्ये मॉली मॅगियाचं शव उकरून काढलं. हाडं किरणोत्सारी निघाली, उपदंशाची खूणही नव्हती.

ग्रेस फ्रायर या मुलीला वकील मिळायला दोन वर्षं लागली. रेमंड बेरी या तरुण वकिलाने तिची, कॅथरिन शॉबची, एडना हसमनची आणि मॉलीच्या दोन बहिणींची, क्विंटा मॅकडॉनल्ड आणि अल्बिना लॅरिस यांची बाजू घेतली. कायद्याची पहिलीच अडचण अशी होती की, न्यू जर्सीत इजेनंतर दोन वर्षांत दावा लावावा लागे. हात यंत्रात सापडतो त्या इजेसाठी हे ठीक होतं. रेडियमची इजा दोन वर्षांत दिसतच नाही. बेरींनी मांडलं की, रेडियम अजून हाडात आहे आणि प्रत्येक क्षणी नवी इजा करतंय. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने हे अक्षरशः खरं होतं. १९२८ मध्ये सुनावणी सुरू झाली तेव्हा साक्षीसाठी आलेल्यांपैकी काहींना शपथेसाठी हात वर करता येत नव्हता. कंपनीचे साक्षीदार सुट्टीवर युरोपला गेलेत म्हणून तारीख कित्येक महिने पुढे ढकलली. वर्तमानपत्रांनी रान उठवलं, आणि जूनमध्ये तडजोड झाली: प्रत्येकीला १०,००० डॉलर रोख, वर्षाला ६०० डॉलर आणि औषधोपचार. वर्षासन कुणाला फार काळ द्यावं लागणार नाही याचा अंदाज दोन्ही बाजूंना होता. हा रंग तयार करणारे डॉ. सॅबिन फॉन सोखोकी स्वतः त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रक्त तयार न होण्याच्या आजाराने गेले. शेवटी त्यांनी मार्टलँड यांना मदत केली होती. त्यांना मी खलनायक म्हणत नाही. कंपनीच्या कचेरीत बसून आकडे लपवणाऱ्यांची गोष्ट निराळी.

हे सगळं पेपरांत येऊनही इलिनॉयमधल्या ऑटावा गावात रेडियम डायल कंपनीत मुली ओठाला कुंचला लावत होत्या. त्या कंपनीने मुलींच्या तपासण्या करवल्या आणि निकाल त्यांना सांगितले नाहीत. १९२८ मध्ये गावच्या पेपरात पानभर जाहिरात दिली की आमच्याकडे धोका नाही. न्यू जर्सीच्या रंगात मेसोथोरियम, म्हणजे रेडियमचाच रेडियम २२८ हा दुसरा प्रकार, होतं, आमच्यात शुद्ध रेडियम आहे, असा युक्तिवाद होता. अर्धसत्य असावं तर असं. तिथे काम केलेल्या आणि दावा लावलेल्या कॅथरिन डोनह्यूचं वजन इतकं उतरलं होतं की १९३८ मध्ये तिची उरलेली साक्ष तिच्या घरी, अंथरुणाशेजारी घ्यावी लागली. औद्योगिक आयोगाने तिच्या बाजूने निकाल दिला आणि जुलैत ती गेली. कंपनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, तिथे ऑक्टोबर १९३९ मध्ये दाद मिळाली नाही. गावात या बायकांना काय ऐकावं लागलं तेही लक्षात ठेवा. मंदीच्या दिवसांत चालू कारखान्याविरुद्ध बोलणाऱ्या म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना टाळलं.

याच्या शेजारी एबेन बायर्स यांची हकिगत ठेवून पाहा. पिट्सबर्गचे श्रीमंत उद्योगपती, नावाजलेले गोल्फपटू. १९२७ मध्ये रेल्वेच्या डब्यात बर्थवरून पडून हात दुखावला म्हणून 'रेडिथोर' नावाचं पाणी घ्यायला सांगितलं गेलं. विकणारे विल्यम बेली. प्रत्येक लहान बाटलीत रेडियम २२६ आणि रेडियम २२८ प्रत्येकी एक मायक्रोक्युरी (क्युरी हे किरणोत्सार मोजायचं एकक), आणि ते खरोखर होतं. बेली फसवत नव्हते, दुर्दैवाने. बायर्स यांनी सुमारे १,४०० बाटल्या प्यायल्या, जबडा गेला, आणि ३१ मार्च १९३२ रोजी ते गेले. त्यानंतर रेडियमच्या औषधांचा बाजार झपाट्याने बसला. कारखान्यातल्या मुली दहा वर्षं मरत होत्या तेव्हा जे झालं नाही ते एका क्लबातल्या माणसाच्या मृत्यूने झालं. १९३८ मध्ये अमेरिकेत अन्न-औषध कायदा कडक झाला, त्यामागच्या अनेक कारणांत हेही एक होतं.

मेरी क्युरींचं विचारलंत. त्या ४ जुलै १९३४ रोजी, वयाच्या ६६ व्या वर्षी, मज्जेतून रक्त तयार न होण्याच्या आजाराने गेल्या, आणि तो किरणांमुळेच झाला असं डॉक्टर तेव्हाही मानत होते. पण कोणत्या किरणांमुळे? १९९५ मध्ये त्यांचे अवशेष पॅरिसच्या पांथेऑनमध्ये हलवताना मोजमाप झालं, तेव्हा रेडियम अपेक्षेपेक्षा कमी आढळलं. पहिल्या महायुद्धात त्या क्ष-किरणांच्या गाड्या घेऊन आघाडीजवळच्या इस्पितळांत फिरल्या होत्या, आडोशाशिवाय. तज्ज्ञांचा कल असा की दोष मुख्यतः त्याचा असावा. रेडियमने त्यांची बोटं मात्र कायमची खरखरीत केली होती, आणि त्यांच्या वह्या आजही किरणोत्सारी आहेत. हानी होते हे मान्य करायला त्यांनी वेळ लावला, हे माझं मत. आपल्या हातांनी वाढवलेल्या गोष्टीबद्दल कुणीही लावेल. १९२१ मध्ये अमेरिकेतल्या बायकांनी वर्गणी काढून एक लाख डॉलरचं एक ग्रॅम रेडियम त्यांना भेट दिलं, ते राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांच्या हस्ते. त्याच देशात, त्याच वर्षी, ऑरेंजमध्ये कुंचले ओठांत होते.

यावरून रेडियम म्हणजे निव्वळ शाप असं वाटायला नको, कारण माझा पेशा त्यातूनच निघाला. चाळीस-पन्नास वर्षं गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर रेडियम हा मुख्य उपाय होता. नळ्या योनिमार्गातून आत ठेवून दोन-तीन दिवस तशाच राहू द्यायच्या. जिभेच्या कर्करोगात प्लॅटिनमच्या सुया थेट गाठीत टोचायच्या, बाहेर दोरा लोंबत ठेवायचा. मँचेस्टरच्या पॅटरसन आणि पार्कर यांनी १९३४ मध्ये सुया कशा मांडल्या तर डोस सारखा पडतो याचे तक्ते केले. आजचे संगणकी आराखडे त्याच विचाराचे वारस. आपल्याकडे लेडी मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. कर्करोगावरच्या उपचारांची सोय भारतात व्हावी ही त्यांचे पती सर दोराबजींची इच्छा होती, आणि त्यातून पुढे परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उभं राहिलं.

पण इथेही तेच झालं, सौम्य रूपात. नळ्या बसवणाऱ्या सर्जनच्या बोटांना, त्या पेशंटची चादर बदलणाऱ्या आयाबाईला आणि रात्रपाळीच्या नर्सला डोस मिळायचा. सुई ड्रेसिंगच्या बोळ्याबरोबर गेली तर गायगर काउंटर, म्हणजे किरणोत्सार मोजायचं यंत्र, घेऊन कचरा आणि गटार शोधायची वेळ यायची. नळीत हीलियम साठून दाब वाढतो, जुनी नळी तडकते आणि रेडॉन गळतो. म्हणून रेडियम हळूहळू गेलं आणि सीझियम, कोबाल्ट, इरिडियम आलं. न्यूयॉर्कच्या उलरिक हेन्श्के यांनी साठच्या दशकात रिकाम्या नळ्या आधी बसवून किरणोत्सारी सोर्स नंतर आत सोडण्याची पद्धत रुळवली. आता इरिडियमचा दाणा तारेच्या टोकाला बसून यंत्रातून आपोआप जातो, काही मिनिटांत परततो, आणि आम्ही सगळे दाराबाहेर असतो.

विज्ञानावरचा परिणाम एका परिच्छेदात बसणारा नाही, तरी एक साखळी सांगतोच. रेडियमसाठी बेल्जियन काँगोत शिंकोलोब्वेची खाण चालली. युरेनियम तिथे जवळजवळ टाकाऊ माल होता. १९३८ मध्ये बर्लिनला ऑटो हान आणि स्ट्रासमान यांना युरेनियमवर न्यूट्रॉन मारल्यावर रेडियम मिळालंसं वाटलं, आणि निघालं बेरियम. युरेनियमचा अणू दुभंगला होता. शिंकोलोब्वेचं तेच टाकाऊ युरेनियम मॅनहॅटन प्रकल्पात, म्हणजे अमेरिकेच्या अणुबॉम्बच्या कामात, गेलं.

त्या प्रकल्पात प्लुटोनियम हाताळणाऱ्यांना किती सोसेल हे ठरवताना हाताशी माणसांवरचा एकच भरवशाचा आकडा होता. एमआयटीचे रॉब्ली इव्हान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४१ मध्ये ठरवलेला: शरीरात जास्तीत जास्त ०.१ मायक्रोक्युरी रेडियम, म्हणजे एका ग्रॅमचा एक कोट्यंश. हा आकडा उंदरांवरून आलेला नव्हता. डायल रंगवणाऱ्या बायका आणि रेडियमचं पाणी प्यायलेली माणसं यांच्यात कुणाला इजा झाली आणि कुणाला नाही, ते मोजून आला. बायर्स यांचं शवही इव्हान्स यांनी १९६५ मध्ये उकरून मोजलं. उरलेल्या बायका म्हाताऱ्या होईपर्यंत तपासणीला येत राहिल्या, अर्गोन प्रयोगशाळेने त्यांच्या नोंदी १९९० च्या दशकापर्यंत ठेवल्या. आम्ही छातीवर डोस मोजणारा जो बॅज लावतो, आणि भारतात किरणांचं काम करणाऱ्याला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलीसिव्हर्ट (शरीराला मिळालेल्या डोसचं एकक), कोणत्याही एका वर्षात ३० च्या आत, अशी जी मर्यादा आहे, ती आज इतर पुष्कळ अभ्यासांवर उभी आहे. पण माणसाच्या शरीरात किरणोत्सारी पदार्थ किती चालेल याला मुळात मर्यादा असावी, हा विचार त्या बायकांच्या हाडांवरून आला.

रेडियम परतही आलंय. २०१३ पासून रेडियम २२३ हे औषध प्रोस्टेटचा कर्करोग हाडांत पसरलेल्या पुरुषांना शिरेतून देतात. अर्धायुष्य ११.४ दिवस, म्हणजे आयुष्यभर मुक्काम नाही. जिथे कर्करोगामुळे हाड वेगाने बनतंय तिथे ते कॅल्शियमसारखं जाऊन बसतं आणि अल्फा कण मोजक्या पेशींच्या पलीकडे जात नाहीत. मॉली मॅगियाचा जबडा ज्या गुणाने खाल्ला, तोच हा गुण. मोठ्या चाचणीत त्याने सरासरी आयुष्य ११.३ महिन्यांवरून १४.९ महिन्यांवर नेलं. पुढे दुसऱ्या एका औषधाबरोबर दिलं तेव्हा हाडं जास्त मोडली, तो वापर थांबवावा लागला. निकाल छापले गेले, सूचना बदलल्या, आणि पेशंटला सांगायच्या कागदावर ते आलं.

असं आज पुन्हा होईल का? पिऊन, चाटून नाही होणार. पण २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत कोबाल्टचं जुनं यंत्र भंगारात गेलं, ते फोडणाऱ्यांना आत काय आहे हे कुणी सांगितलेलं नव्हतं, आणि एक जण मेला. म्हणून एखाद्या विभागाची पाहणी करायला गेलो की डॉक्टरांच्या आणि टेक्निशियनच्या बॅजचे आकडे मी नंतर बघतो. ते बहुधा ठीकच असतात. आधी फरशी पुसणाऱ्या मावशींना आणि कंत्राटी वायरमनला विचारतो की या दारावरच्या तीन पाकळ्यांच्या पिवळ्या खुणेचा अर्थ काय, आणि वरचा लाल दिवा लागलेला असताना तुम्ही आत जाता का.